दुसऱ्यालाही मन असतं, हे कुणाला कसं कळतं? ऑटिझमबद्दलचा एक जुना समज

सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा संबंध ऑटिझमशी जोडला आणि आपल्याकडेही त्यावर बोलणं सुरू झालं. असा ठोस पुरावा नसल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने लगेच सांगितलं, ते बरंच झालं. पण ऑटिझम कशामुळे होतो यावर हिरिरीने भांडणारी माणसंही, मुळात ऑटिझम म्हणजे काय असं विचारलं की एकाच उत्तरावर येतात: या मुलांना दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही, दुसऱ्यालाही मन असतं याचा त्यांना पत्ताच नसतो.

पालकसभेत हे ऐकू येतं, व्हॉट्सॲपवर फिरतं, शिकलेसवरलेले लोकही बोलता बोलता म्हणून जातात. हा समज कुठून आला ते शोधता येतं. त्यामागे एक प्रयोग आहे आणि त्या प्रयोगात बसलेली वीस ऑटिस्टिक मुलं आहेत. प्रयोगातून काय दिसलं, काय दिसलं नाही आणि ज्यांच्याबद्दल हे बोललं जातं ती माणसं स्वतः काय सांगतात, हे नीट पाहिलं की तो समज तसाच ठेवता येत नाही.

आधी थोडी ओळख. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हा औषधाने बरा होणारा आजार नाही. ती मेंदूची वेगळी जडणघडण आहे आणि ती लहानपणापासून असते. संवादाची निराळी रीत, आवाज, उजेड किंवा स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं, ठरलेल्या क्रमाची गरज, एखाद्या विषयात खोल बुडून जाणं, अशा रूपांत ती दिसते. कुणी आयुष्यभर तोंडाने बोलत नाही, कुणी बँकेत नोकरी करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक ऑटिस्टिक होतं.

## मन दिसत नाही, मग ते आहे हे कळतं कसं?

समोरच्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. दिसतो तो चेहरा, ऐकू येतो तो आवाज. त्यावरून आपण ताडतो की ही कंटाळलीय, याला भूक लागलीय, त्यांना माझं बोलणं पटलेलं नाही. म्हणजे दुसऱ्याला मन आहे आणि त्यात माझ्याहून वेगळं काही असू शकतं, हा आपला अंदाज असतो. तो इतका अंगवळणी पडलेला असतो की अंदाज करतोय हेही जाणवत नाही. १९७८ साली डेव्हिड प्रीमॅक आणि गाय वुडरफ या संशोधकांनी सारा नावाच्या चिंपांझीला अडचणीत सापडलेल्या माणसाचे व्हिडिओ दाखवले आणि त्याच्या सुटकेचा फोटो ती निवडते का ते पाहिलं. या क्षमतेला त्यांनी 'थिअरी ऑफ माइंड' असं नाव दिलं. इथून पुढे मी तिला 'मनाची जाण' म्हणेन.

या जाणिवेतला अवघड भाग कोणता? दुसऱ्याला दुखतं, आनंद होतो, हवं-नको असतं, हे मुलांना फार लवकर उमगतं. पण दुसऱ्याला जे ठाऊक आहे ते माझ्या माहितीपेक्षा वेगळं, अगदी चुकीचंही असू शकतं, हे उमगायला वेळ लागतो. फोनवर आजी विचारते, 'जेवलास का रे?' आणि तीन वर्षांचा नातू नुसतीच मान डोलावतो. आजीला ती मान दिसत नाही, हे अजून त्याच्या ध्यानात आलेलं नसतं. साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं हा टप्पा ओलांडतात. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी तो मोजायची एक युक्ती काढली: गोष्टीतल्या मुलाच्या गैरहजेरीत त्याचं चॉकलेट दुसरीकडे ठेवायचं आणि परत आल्यावर तो कुठे शोधेल, असं ऐकणाऱ्या मुलाला विचारायचं.

## सॅली, ॲन आणि एक गोटी

दोन वर्षांनी लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी हीच युक्ती ऑटिस्टिक मुलांसाठी वापरली. टेबलावर दोन बाहुल्या. सॅलीजवळ टोपली, ॲनजवळ खोका. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. ॲन गोटी उचलून खोक्यात टाकते. सॅली परत येते. आता सॅली गोटी कुठे शोधेल?

उत्तर अर्थातच 'टोपलीत', कारण गोटी हलवलेली तिने पाहिलेलीच नाही. जे मूल 'खोक्यात' म्हणतं, ते स्वतःला माहीत असलेलं सॅलीलाही माहीत आहे असं धरून चालतं. साडेचार वर्षांच्या आसपासच्या २७ मुलांपैकी २३ जणांनी बरोबर उत्तर दिलं. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ मुलांनी दिलं. सरासरी बारा वर्षांच्या २० ऑटिस्टिक मुलांपैकी मात्र १६ जणांनी खोक्याकडे बोट दाखवलं. गोटी आधी कुठे होती आणि आता खरी कुठे आहे, हे मात्र सगळ्यांनी अचूक सांगितलं होतं. म्हणजे गोष्ट कळली नाही किंवा विसरली, असंही म्हणता येत नव्हतं.

प्रयोग साधा आणि नेमका होता, हे मान्य केलंच पाहिजे. त्याचं मोलही होतं. त्याआधी काही दशकं ऑटिझमचं खापर आईच्या 'थंड' वागण्यावर फोडलं जात होतं, कितीतरी आया त्या अपराधाखाली दबून गेल्या होत्या. तिथून विषय निघून मूल विचार कसं करतं याकडे आला, ही मोठीच गोष्ट झाली. पण नंतर त्या १६ मुलांच्या उत्तरावर फार मोठा डोलारा उभा राहिला. १९९५मध्ये बॅरन-कोहेन यांनी त्यासाठी 'माइंडब्लाइंडनेस', म्हणजे मनाबाबतचं आंधळेपण, हा शब्द पुस्तकाच्या नावातच वापरला. प्रयोगातलं वाक्य होतं: 'वीसपैकी सोळा मुलांना हा प्रश्न सुटला नाही.' जनमानसात उतरलं ते असं: 'ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याच्या मनाची जाणीवच नसते.' या दोन वाक्यांतलं अंतर फार आहे.

## मग उरलेल्या चौघांचं काय?

चार ऑटिस्टिक मुलांनी पहिल्याच प्रयोगात बरोबर उत्तर दिलं होतं. ऑटिझम म्हणजेच मनाची जाण नसणं, असं असेल तर हे चौघे कुठे बसवायचे? पुढे फ्रान्सेस्का हॅपे यांनी अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र पाहिली, तेव्हा भाषेची समज वाढत जाते तशी ऑटिस्टिक मुलंही ही परीक्षा पास होतात असं दिसलं. फक्त त्यांना बराच जास्त वेळ लागतो: इतर मुलं चार वर्षांच्या भाषेवर जे करतात, त्यासाठी या मुलांना साधारण नऊ वर्षांच्या मुलाइतकी भाषा यावी लागते.

भाषेचा मुद्दा आणखी एका बाजूने पुढे आला. कॅन्डिडा पीटरसन आणि मायकल सीगल यांनी १९९५मध्ये कर्णबधिर मुलांना हाच प्रश्न विचारला. ज्यांचे आईवडील ऐकू येणारे होते, म्हणजे ज्यांच्या घरात लहानपणी खाणाखुणांची पूर्ण भाषा नव्हती, अशी बरीच मुलं नापास झाली. ज्या कर्णबधिर मुलांना आईवडिलांकडून पहिल्या दिवसापासून सांकेतिक भाषा मिळते, त्यांना मात्र अशा परीक्षा वयाप्रमाणे जमतात, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. कर्णबधिर मुलांना दुसऱ्याच्या मनाची जाणीव नसते असं कुणी म्हणत नाही. घरातल्या गप्पा, 'तिला वाटलं', 'तो विसरला असेल', 'बाबांना अजून ठाऊक नाही' ही बोलणी कानावर किंवा डोळ्यांवर पडली नाहीत, तर जाण उशिरा येते, एवढाच त्याचा अर्थ.

मग मोठी झालेली, छान बोलणारी ऑटिस्टिक माणसं आणि इतर यांच्यात काही फरक उरतच नाही का? उरतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. २००९मध्ये अत्सुशी सेंजू आणि सहकाऱ्यांनी अशा प्रौढांना शब्दांऐवजी सॅलीच्या गोष्टीसारखी चित्रफीत दाखवून त्यांची नजर टिपली. विचारलं की ते बरोबर उत्तर देत होते, पण न विचारता, आपसूक, त्यांची नजर 'ती आता इथे शोधेल' अशा जागी आधीच जात नव्हती. नजर टिपण्याच्या या पद्धतीवर नंतर शंका घेतल्या गेल्या आहेत, त्यामुळे या एका प्रयोगावर सगळा भार टाकू नये. पण अनेक ऑटिस्टिक माणसं स्वतः जे सांगतात त्याच्याशी तो जुळतो: कळतं, पण विचार करून कळतं.

मुंबईच्या लोकलमधलं उदाहरण घ्या. जो डोंबिवलीत लहानाचा मोठा झालाय, त्याला पुढच्या स्टेशनला प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हे डुलकी लागलेली असतानाही ठाऊक असतं. मराठवाड्यातून नुकताच आलेला माणूस इंडिकेटर वाचतो, घोषणा ऐकतो, शेजाऱ्याला विचारतो, मनात यादी करतो. तोही पोहोचतो. पण घरी येईपर्यंत गळून जातो, आणि गर्दीत घोषणा ऐकू आली नाही तर गोंधळतो. रविवारच्या मेगाब्लॉकला मात्र सवयीने दाराशी उभा राहिलेला चुकतो आणि वाचून चालणारा बरोबर उतरतो. ऑटिस्टिक माणसाचं दुसऱ्यांची मनं ओळखणं पुष्कळदा त्या नव्या माणसासारखं असतं: एकेक खूण लक्षात ठेवून, ताळा करून. म्हणून शांत खोलीत, एकट्या मित्राशी बोलताना त्याला छान जमतं आणि लग्नाच्या हॉलमध्ये काहीच जमत नाही.

## आतून पाहिलं तर

इतकी वर्षं ऑटिस्टिक माणसांबद्दल लिहिलं गेलं ते बाहेरून. त्यांची स्वतःची लेखणी चालू लागली ती ऐंशी-नव्वदच्या दशकांत, आणि त्या लिखाणात एक गोष्ट परत परत येते: दुसऱ्यालाही आतलं जग असतं हे उमगण्याचा क्षण त्यांच्यापैकी अनेकांना *आठवतो*. इतरांना तो आठवत नाही, कारण चार वर्षांचे असताना तो नकळत होऊन गेलेला असतो. जो आठ-दहा वर्षांचा असताना, कधी पंधराव्या वर्षी, विचार करता करता तिथे पोहोचतो, त्याला ती जागा आणि वेळही आठवते.

उमगतं ते काय? 'लोकांना भावना असतात' हे बहुतेकांना आधीच ठाऊक असतं. नवं असतं ते हे, की माझ्या डोक्यातलं त्यांच्या डोक्यात आपोआप पोहोचत नाही. जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी लिहिलंय की बोलणं हे आपल्या मनातलं दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी असतं, हेच बाराव्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं. शब्द येत होते, ते कशासाठी वापरायचे ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं लागतं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. टेम्पल ग्रँडिन यांनी सांगितलंय की त्या चित्रांत विचार करतात आणि लोक कसे वागतात याच्या चित्रफिती मनात साठवून, नव्या प्रसंगी त्या चाळून अंदाज बांधतात.

शोध दुसऱ्या दिशेनेही लागतो. ट्यूबलाइटची घरघर, कुकरच्या शिट्टीने कानात उठणारी कळ, युनिफॉर्मच्या कॉलरचं टोचणं हे सगळ्यांनाच होतं आणि बाकीचे ते निमूट सोसतात, असं अनेक ऑटिस्टिक मुलं समजून चालतात. मग आपणच कमी पडतो, आपणच भित्रे, असा निष्कर्ष ती काढतात. इतरांना ती घरघर ऐकूच येत नाही हे मोठेपणी कळतं, तेव्हा तो केवढा दिलासा असतो! इथे मूल दुसऱ्याच्या मनाचा विचार करत नव्हतं असं कसं म्हणणार? ते करत होतं. फक्त इतरांचं मन आपल्यासारखंच असेल असं धरून करत होतं, आणि तेच तर आपण सगळे करतो.

याच्या अगदी उलट टोकाचाही अनुभव आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. रेबेका व्हाइट आणि ॲना रेमिंग्टन यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, निर्जीव वस्तूंना भावना असल्यासारखं वाटणं ऑटिस्टिक प्रौढांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळलं. डब्यात एकटीच उरलेली पेन्सिल बिचारी वाटते, नवी चप्पल घेतली म्हणून जुनीला वाईट वाटेल की काय अशी काळजी लागते. ज्याला दुसऱ्याच्या मनाची जाणीवच नाही असं आपण म्हणतो, त्याला चपलेच्याही मनाची काळजी वाटते.

## 'पण त्यांना काही वाटत नाही, हे तर दिसतं ना?'

ही शंका सगळ्यात जास्त ऐकू येते, म्हणून इथे थोडं थांबते.

माझ्या ओळखीतल्या एका घरात आजोबा गेले. घर माणसांनी भरलेलं, बायका रडताहेत, आणि तेरा वर्षांचा ऑटिस्टिक नातू आतल्या खोलीत पलंगावर बसून आजोबांच्या गोळ्यांची पाकिटं मोजतोय. कुणीतरी काकू म्हणाल्या, याला काही समजत नाही ते एक बरंय. रोज रात्री जेवणानंतर आजोबांना गोळ्या काढून द्यायचं काम त्याचं होतं. रक्तदाबाच्या किती उरल्या, साखरेच्या किती उरल्या, हे तो मोजत होता आणि उरलेल्या गोळ्यांचे दिवस कागदावर लिहीत होता. त्याच्या आईने ते पाहिलं आणि ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

दुसऱ्याला काय वाटतंय ते ओळखणं वेगळं आणि दुसऱ्यासाठी आपल्याला काही वाटणं वेगळं. पहिलं ऑटिस्टिक माणसाला अवघड जाऊ शकतं. दुसरं त्याच्याकडे असतंच. २०१०मध्ये ॲलिस जोन्स, हॅपे आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक मुलगे आणि निर्ढावलेल्या, क्रूर वागणुकीचे मुलगे यांची तुलना केली. दुसऱ्या गटाला लोकांच्या मनात काय चाललंय ते व्यवस्थित कळत होतं, पण इतरांच्या दुःखाने त्यांना फारसा फरक पडत नव्हता. ऑटिस्टिक मुलांचं नेमकं उलट होतं: ओळखणं अवघड, पण दुःखाची पर्वा पूर्ण. या दोन गोष्टी एकाच पोत्यात घातल्यामुळे ऑटिस्टिक माणसांवर फार मोठा अन्याय झालाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यात आणखी एक धागा आहे. स्वतःला नेमकं काय वाटतंय, हे दुःख आहे, राग आहे की नुसती भूक, हे ओळखता आणि शब्दांत मांडता न येणं, याला 'अलेक्सिथिमिया' म्हणतात. २०१९मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ऑटिस्टिक माणसांपैकी साधारण निम्म्यांत ते आढळलं, इतरांत सुमारे पाच टक्क्यांत. जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांच्या कामातून असं पुढे आलं की भावनांच्या बाबतीत ज्या अडचणी ऑटिझमच्या माथी मारल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याच खरं तर या वेगळ्या गोष्टीमुळे येतात. ज्याला आपलंच दुःख ओळखता येत नाही, तो दुसऱ्याच्या दुःखासमोर गप्प उभा राहतो. त्या गप्प राहण्याला बाहेरून 'थंडपणा' हे नाव मिळतं.

## समजत नाही ते नेमकं कुणाला?

२०१२मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी हा सगळा विषय उलटा करून मांडला. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचं म्हणणं असं: दोन माणसांची जग अनुभवण्याची रीत फार वेगळी असेल तर दोघांनाही एकमेकांची मनं वाचणं कठीण जातं. मग न कळण्याचा दोष एकाच्याच खात्यावर का? याला त्यांनी 'दुहेरी समानुभूतीचा प्रश्न' म्हटलं.

आपल्याकडचंच पाहा. पाहुण्याने चहाला आधी 'नको' म्हणायचं, यजमानाने आग्रह करायचा, मग पाहुण्याने 'बरं, अर्धा कप' म्हणायचं. ऑटिस्टिक यजमानाला 'नको' ऐकू आलं की तो पातेलं खाली ठेवतो, कारण त्याने तुमच्या शब्दांवर विश्वास ठेवला. तुम्ही घरी जाऊन म्हणता, साधा चहासुद्धा विचारला नाही. तुमच्या मनातलं त्याला कळलं नाही हे खरं. पण त्याच्या मनातला तो सरळ विश्वास तुम्हाला तरी कुठे कळला?

मिल्टन यांच्या मांडणीला प्रयोगांचाही आधार मिळाला. २०१६मध्ये रोसाना ईडी आणि सहकाऱ्यांनी काही जणांना त्रिकोण हलवून 'मनवणं', 'चिडवणं' असे भाव दाखवायला सांगितले. ऑटिस्टिक माणसांनी हलवलेले त्रिकोण काय सांगताहेत हे ओळखताना बिगर-ऑटिस्टिक लोक जास्त चुकले. २०१७मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांना आढळलं की ऑटिस्टिक माणसाची काही सेकंदांची चित्रफीत पाहून किंवा आवाज ऐकूनच लोकांचं मत प्रतिकूल होतं, याच्याशी बोलावं-बसावंसं वाटत नाही. तेच बोलणं फक्त लिखित रूपात दिलं की तो फरक नाहीसा होतो. म्हणजे लोक नाकारतात ते बोलण्याच्या ढबीला. आशयापर्यंत ते पोहोचतच नाहीत.

२०२०मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एडिनबरामध्ये आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. पहिल्याने गोष्ट ऐकून दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळेच ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र तपशील भराभर गळत गेले. ही बातमी ऑटिस्टिक मंडळींमध्ये फार आनंदाने वाचली गेली. २०२५मध्ये त्याच गटाने ३११ प्रौढांना घेऊन मोठा अभ्यास केला. या वेळी तिन्ही प्रकारच्या साखळ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ऑटिस्टिक माणसं माहिती पोहोचवण्यात कमी पडत नाहीत हा मुद्दा टिकला, उलट बळकट झाला. पण 'ऑटिस्टिक माणसाला फक्त ऑटिस्टिकच समजू शकतो' अशी घोषणा ज्यांनी करून ठेवली होती, त्यांनी ती आवरलेली बरी. मिश्र साखळीतही गोष्ट पोहोचते, ही मला तर आशेची बातमी वाटते.

## 'म्हणजे काही अडचणच नाही म्हणता?'

असं अजिबात म्हणायचं नाही. अडचण आहे, आणि काही घरांत ती चोवीस तासांची आहे. कुणाला अपस्माराचा त्रास असतो, कुणाला बौद्धिक अक्षमताही असते, कुणाला आयुष्यभर सोबत लागते. वर सांगितलेल्या प्रौढांवरच्या प्रयोगांत बहुतेक जण बोलणारे आणि पाश्चात्त्य देशांतले होते. जे मूल बोलत नाही त्याच्या मनात काय चाललंय, याबद्दल त्यांतून थेट काही सांगता येत नाही. मात्र न बोलण्यावरून 'काही कळत नाही' असं ठरवणं तर त्याहून चुकीचं. चित्रांची पाटी किंवा टॅब्लेट मिळाल्यावर अशी मुलं 'आई दमली' हे चित्र दाखवतात, तेव्हा आईला आश्चर्य वाटतं. त्या मुलाला ते आधीपासून दिसत होतं.

'असं तर आम्हालाही होतं, दुसऱ्याचं मन आम्हाला तरी कुठे कळतं,' हे सांत्वन म्हणून बरं वाटतं, पण त्याने ऑटिस्टिक माणसाचे कष्ट झाकले जातात. तुम्ही न दमता जे करता त्यासाठी ती व्यक्ती दिवसभर ताळे मांडत असते. चेहरा इतरांसारखा ठेवायचा, नजर भिडवायची, हात हलू द्यायचे नाहीत, या सततच्या झाकपाकीला 'मास्किंग' म्हणतात. ऑफिसातून घरी आल्यावर दिवा न लावता तासभर पडून राहणारी तरुण मुलगी कुणावर रुसलेली नसते, ती त्या कामाने थकलेली असते.

## घरात, शाळेत आणि दाखल्याच्या रांगेत

घरातला बदल सोपा आहे, पण चिकाटीचा आहे. सूचक बोलणं कमी करायचं. 'किती पसारा झालाय बाई' असं हवेत म्हणण्याऐवजी 'ही पुस्तकं कपाटात ठेवशील का?' असं विचारायचं. 'मी चिडलेले नाही, डोकं दुखतंय म्हणून गप्प आहे,' हे तोंडाने सांगायचं. आपल्या मनातलं मुलाने चेहऱ्यावरून वाचावं हा हट्ट सोडला की मूल आपल्या मनाची किती चौकशी करतं ते दिसू लागतं. 'माझ्या डोळ्यांत बघून बोल' ही सक्ती तर आजच थांबवावी. डोळ्यांत पाहणं आणि ऐकणं ही दोन्ही कामं एकदम जमत नाहीत असं अनेक ऑटिस्टिक माणसं सांगतात. त्यांतलं कुठलं तुम्हाला हवंय ते ठरवा.

शाळेत आज ऑटिस्टिक मुलाला 'सामाजिक कौशल्यं' शिकवली जातात, म्हणजे इतर मुलांची मनं कशी ओळखायची ते. ते शिकवायला माझी ना नाही. पण त्या वर्गातल्या बाकीच्या चाळीस मुलांना या एकाचं मन कसं ओळखायचं हे कोण शिकवतं? मधल्या सुट्टीत तो कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, कारण त्याला घंटेचा आवाज सोसत नाही, एवढं वर्गाला एकदा सांगायला पाच मिनिटं लागतात.

आणि राहिला दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा विषय. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात 'इसा' (ISAA) नावाची मोजपट्टी वापरतात. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली. त्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे असतात. मोजपट्टी कामाची आहे, तिच्यामुळे हजारो कुटुंबांना हक्काचं काही मिळतं. पण तिच्यातला एक मुद्दा असा आहे की मूल काही उघड कारण नसताना उत्तेजित किंवा अस्वस्थ होतं का. कारण उघड नाही ते कुणाला? तपासणाऱ्याला, फार तर आईवडिलांना. मुलाला ते कारण पक्कं ठाऊक असतं: पंख्याचा आवाज बदललेला असतो, डॉक्टरांनी अत्तर लावलेलं असतं, 'पाच मिनिटांत जाऊ' असं सांगून अर्धा तास झालेला असतो. दाखल्यासाठी मुलाला घेऊन जाणार असाल तर त्या ओळीपाशी थांबा, शेवटच्या तीन वेळी काय काय घडलं ते आठवून डॉक्टरांना सांगा, आणि मुलाला बोलता, लिहिता किंवा चित्र दाखवता येत असेल तर गुण देण्याआधी हा प्रश्न त्यालाच विचारायला सांगा.